आई कुठे उभी असते

शारजात अल मजाजला आम्ही राहायचो त्या घराच्या खिडकीतून खालिद लगून नावाच्या खाडीचं पाणी दिसायचं. कुणी आलं की आई त्यांना आधी खिडकीपाशी न्यायची, मग चहाचं आधण ठेवायची. मला ते पाणी आवडायचं नाही. समुद्राचंच, पण दुपारच्या उन्हात ते काचेसारखं थिजून पडलेलं असायचं, जिवंत असल्याची कसली खूणच नाही. घरात सदा एसीची घरघर. तिची इतकी सवय झालेली की ती मध्येच थांबली तर आम्ही तिघंही बोलता बोलता गप्प होऊन वर बघायचो. संध्याकाळी खालून अजान यायची, एका मशिदीची संपते न संपते तोच दुसरीची, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता आई संवाद म्हणत असायची. लग्नाआधी साताऱ्यात ती हौशी नाटकांतून कामं करायची. त्या नाटकांतली सगळी पात्रं तिला पाठ होती, स्वतःची आणि समोरच्याचीही. राणी, विधवा, वेड लागलेली थोरली बहीण. मधूनच हुंदका ऐकू यायचा. मी धावत जायचे, तर लाटणं हातात धरून ती हसत उभी. "फसलीस ना!" म्हणायची. मला तो खेळ वाटायचा. मीही हसायचे.

बाबा उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात एका फॅब्रिकेशन यार्डवर सुपरवायझर होते. उजाडायच्या आत कंपनीची पिकअप त्यांना न्यायला यायची. परत आले की अंगाला तापल्या लोखंडाचा वास आणि मानेच्या घडीत काळी धूळ. बोलणं मोजकंच. सुट्टीच्या दिवशी मासळी बाजारातून सुरमई आणायची, ती स्वतः साफ करायची आणि आईच्या हातची कोकमाची कढी पोटभर प्यायची, एवढी त्यांची चैन. त्यांच्या यार्डवर क्रेन होत्या, लोखंडाच्या तुळया डोक्यावरून जायच्या. आमच्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे, पण पिकअपला यायला उशीर झाला की आई गॅस मंद करून खिडकीशी जायची. तेव्हाची तिची पाठ मला अजून आठवते. ते नाटक नव्हतं, एवढं मी आजही खात्रीनं सांगू शकते.

गणपतीच्या कार्यक्रमात मी एका छोट्या नाटुकल्यात काम केलं, ते जाहिरातींची कामं करणाऱ्या एका बाईंनी पाहिलं, आणि तिथून सगळं सुरू झालं. आधी दुधाची जाहिरात, मग बिस्किटांची, मग एका मोठ्या दुकानाच्या ईदच्या सेलची. त्यात मी फ्रॉक घालून गोल गोल फिरले होते. सुरुवातीला आई मला हौसेनं न्यायची, नंतर घाईनं. टॅक्सीत बसल्या बसल्या ती माझे केस विंचरायची, ड्रायव्हरला "यल्ला भैया, जल्दी" म्हणायची आणि माझ्याकडून संवाद घोटून घ्यायची. "डोळे, रेवू, डोळे! ओठ काय, कुणीही हलवतं." मी इंग्रजीत कुरकुरायचे, "आय नो, आई, आय नो." घरात हळूहळू पोळ्या कमी झाल्या. बाबांच्या डब्यात बेकरीतला खुबूस, तिकडचा रोटीसारखा पाव, आणि कालचं पिठलं जाऊ लागलं. बाबा एकदाच म्हणाले, "शुभदा, पोरीला काय हवंय ते विचारलंस का?" आई म्हणाली, "तिला आवडतं." ते खरं होतं. दिवे लागले, सगळे गप्प झाले आणि कुणीतरी 'अॅक्शन' म्हटलं की सगळ्यांची नजर माझ्यावर यायची, ते मला आवडायचं. हे मी इथे नाही लिहिलं तर सगळा दोष आईवर जाईल, आणि तसं ते नव्हतं.

मथियास अंकल मला भेटले ते दाताच्या डॉक्टरच्या वेशात. त्या जाहिरातीत मी दात दुखणारी मुलगी होते. उंच, वाकलेले, पांढऱ्या होत चाललेल्या भुवया, आणि हात इतके स्वच्छ की खरे डॉक्टरच वाटावेत. ते जर्मन होते. पहिल्याच दिवशी त्यांनी वाकून माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि मला 'कोलेगिन' म्हणाले. म्हणजे काय, मी विचारलं. "सहकारी," ते इंग्रजीत म्हणाले. "बाळ म्हणायला इथे बाकीचे आहेतच." त्यानंतर बऱ्याच जाहिरातींत आम्ही एकत्र आलो. ते कधी वैमानिक, कधी समुद्राकाठचा बंगला घेणारे श्रीमंत गृहस्थ. शूटिंग म्हणजे मुख्यतः वाट बघणं. त्या वेळात त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली, सलग नाही, दिवे हलवले जात असताना तुकड्यातुकड्यांनी.

त्यांच्या देशात ते सात वर्षांचे असताना टीव्हीवर एक मालिका लागायची, जंगलातल्या एका वनरक्षकाच्या कुटुंबाची. तिच्यातला धाकटा मुलगा फ्लोरी म्हणजे ते. रविवारी संध्याकाळी सगळा देश फ्लोरीला बघायला बसायचा. बेकरीवाल्या बायका त्यांना फुकट पाव द्यायच्या आणि शाळेतली मुलं त्यांना रोज मारायची. मग काही वर्षांनी त्यांचा आवाज फुटला. पुढच्याच भागात वनरक्षकानं जेवताना सांगून टाकलं, फ्लोरी आता कॅनडात काकांकडे राहायला गेलाय. एवढ्या एका वाक्यात खलास. "ते वाक्य मी आईशेजारी बसून टीव्हीवर ऐकलं," ते म्हणाले. "मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं." पुढे छोट्या गावांतली नाटकं, नाताळात अस्वलाचं कातडं घालून शाळांमधले खेळ, मग परदेशी सिनेमांतल्या नटांना जर्मन आवाज देणं. एका जाहिरातीसाठी दुबईला आले आणि राहिले. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "इथे मला कुणी ओळखत नाही."

पण ते खरं नव्हतं. दुबईत देऱ्याला लाकडी गलबतं लागतात त्या धक्क्यावर आमचं शूटिंग होतं. पर्यटकांचा एक घोळका आला. त्यातली एक म्हातारी एकदम थबकली, तोंडावर हात ठेवला आणि ओरडली, "फ्लोरी!" ती धावत आली आणि तिनं अंकलचा गाल चिमटीत धरून हलवला, लहान मुलाचा हलवतात तसा. आणि मी पाहिलं की त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू आलं जे मी कधी पाहिलं नव्हतं. वरचे दात दाखवणारं, डोकं तिरपं करून, सात वर्षांच्या मुलाचं हसू. ते त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर म्हातारी जाईपर्यंत तसंच होतं. मला भीती वाटली. ती गेल्यावर ते नळाशी जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिले. परत आले तेव्हा, त्यांना बरं वाटावं म्हणून, मी विचारलं की फ्लोरीचं सगळ्यात गाजलेलं काम कुठलं. "आजोबा वारतात आणि फ्लोरी रडतो," ते म्हणाले. "त्या प्रसंगाला लोक अजून विसरलेले नाहीत." मला रडण्याचे प्रसंग कधी जमायचे नाहीत, म्हणून मी उत्सुकतेनं विचारलं, "कसे रडलात?" गलबतावर सामान चढवणाऱ्या माणसांकडे बघत त्यांनी भलतंच विचारलं.

"शूटिंगच्या वेळी तुझी आई कुठे उभी असते?"

"कॅमेऱ्याच्या बाजूला. मला दिसेल अशी."

"ती जागा तिनं बदलली," ते म्हणाले, "तर मला सांग. लगेच सांग."

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. ती टिकली आरशाला चिकटवत होती. "विचित्रच माणूस आहे तो जर्मन," ती म्हणाली. "फार जवळ जाऊ नकोस."

मग तो सिनेमा आला. गलबतावर गेलेल्या बापाची वाट बघणारी मुलगी, आणि तिला जीव लावणारा, किनाऱ्यावर पक्षी मोजत राहणारा एक परदेशी म्हातारा. मुलगी मी, म्हातारा मथियास अंकल. दिग्दर्शक होते विकी सर, मुंबईहून आलेले. मऊ आवाजाचे, कुणावर न ओरडणारे, खिशात नेहमी माझ्यासाठी चॉकलेट. आई त्यांच्यापुढे वेगळीच व्हायची. तिच्या साताऱ्याच्या नाटकांबद्दल ते विचारायचे आणि ती सांगत राहायची, गालांवर लाली येईपर्यंत. "आप तो खुद आर्टिस्ट हैं, शुभदाजी," ते म्हणायचे. इतक्या वर्षांत तिला असं कुणी म्हणालं नव्हतं. बाबा नाही, मी तर नाहीच.

शूटिंग उम्म अल कुवैनला होतं, जुन्या पडक्या होड्या वाळूत रुतलेल्या एका किनाऱ्यावर. पलीकडे खारफुटी, त्यात पाय मोडल्यासारखे उभे असलेले बगळे, आणि मागे दूर, उन्हाच्या लाटांत हलणारे, इंडस्ट्रियल एरियातले क्रेनचे लांब हात. त्यातला एखादा बाबांच्या यार्डचा असणार, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. विकी सरांनाही. गलबत बुडाल्याची बातमी मुलीला कळते, तो प्रसंग राहिला होता. मी तो पुन्हा पुन्हा केला. डोळ्यांत ग्लिसरीन घातलं, पाणी आलं, पण चेहरा कोरा. उकाड्यानं माणसं चिडली. विकी सर मात्र हसून म्हणाले, "कोई बात नहीं बेटा, कल करेंगे." दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा त्यांनी आईला मेकअपच्या गाडीत बोलावलं. दार बंद झालं. बराच वेळ उघडलं नाही. मी बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर लबन, तिकडचं ताक, पीत बसले होते आणि गाडीच्या एसीचं पाणी वाळूत ठिबकताना बघत होते. आई बाहेर आली ती माझ्याकडे न बघता. मी हाक मारली, तर म्हणाली, "थांब हं, राणी." ती मला राणी कधी म्हणायची नाही.

मला जागेवर उभं केलं. मी सवयीनं कॅमेऱ्याच्या बाजूला बघितलं. आई तिथे नव्हती. ती मागे, मॉनिटरच्याही मागे, काळ्या कापडाच्या सावलीत उभी होती. मथियास अंकलना सांगायला हवं, असं मनात आलं. पण ते त्यांच्या वेळेची वाट बघत दूर होडीपाशी होते, आणि तेवढ्यात विकी सर फोन कानाला लावूनच धावत आले. त्यांनी माझ्यापुढे गुडघे टेकले, माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात थंडगार होते.

"बेटा, घबराना नहीं," ते म्हणाले. "पापा के यार्ड में क्रेन गिरी है. पापा नीचे थे."

मी त्यांच्या खांद्यावरून आईकडे बघितलं. माझं लहानपण त्या एका बघण्यात संपलं असं म्हटलं तर ते मोठं वाक्य होईल, पण दुसरं सुचत नाही. मला वाटलं, आई मान हलवेल. नाही म्हणेल. आईनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं. तिनं मॉनिटरच्या स्टँडला धरलं, आणि तिच्या घशातून एक आवाज आला, जो मी तिच्या कुठल्याच नाटकातला म्हणून ओळखला नाही. तो नवा होता. म्हणून मी विश्वास ठेवला. विकी सर हळूच बाजूला सरकले आणि मी वाळूत खाली बसले. तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता, नंतर आला. समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला मला दिसत होता, आणि तरी त्याचा अर्थ कळत नव्हता.

मथियास अंकल चित्रात चालत आले. त्यांची वेळ व्हायच्या आधी. कुणीतरी ओरडलं, "हटो, हटो!" ते हटले नाहीत. कॅमेऱ्याकडे पाठ करून ते उभे राहिले, स्वतःचा फोन माझ्या हातात कोंबला आणि इतक्या मोठ्यानं बोलले की किनाऱ्यावरचे पक्षी उडाले.

"खोटं बोलतायत हे! कोलेगिन, बाबांचा नंबर लाव. आत्ता. मला नको विचारू, आईला नको विचारू. त्यांनाच विचार."

नंबर दोनदा चुकला. मग रिंग गेली. मग ग्राइंडरचा कर्कश आवाज, आणि त्या आवाजावर चढून बाबा, "हॅलो? कोण? रेवू? काय गं, जेवलीस का?"

मी नुसती ऐकत राहिले. बाबा 'हॅलो, हॅलो' करत राहिले. पुढे कितीतरी वर्षांनी बाबा खरोखर गेले आणि काकांनी मला फोनवर ती बातमी सांगितली, तेव्हा मी म्हणाले होते, "बाबांना फोन द्या." काकांना वाटलं धक्क्यानं बरळतेय. मी बरळत नव्हते. मला खात्री करायची होती.

बाबा सेफ्टी शूज घालूनच आले, यार्डच्या पिकअपमधून. अंकलनी त्यांना काय ते सांगितलं. मला वाटलं बाबा कुणाला तरी मारतील. त्यांनी विकी सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला उचललं, मी काही उचलण्याएवढी लहान नव्हते तरी, आणि पिकअपमध्ये बसवलं. आई मागच्या सीटवर बसली. घरी आल्यावर आईनं भात टाकला, लसणीची फोडणी दिली, ताटं घेतली. कुणी जेवेना तेव्हा म्हणाली, "एका शॉटचा तर प्रश्न होता. लगेच सांगणारच होतो ना आम्ही तिला."

"लगेच म्हणजे कधी?" बाबांनी विचारलं.

"शॉट झाला की."

"आणि तोवर मी मेलेलो," बाबा म्हणाले.

आई उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी घासल्याचे आवाज येत राहिले, मग तेही थांबले. त्यानंतर आमच्या घरात संवाद ऐकू आले नाहीत. संध्याकाळी अजान व्हायची, आणि पोळ्या लाटल्याचा नुसता थप थप आवाज. तो आवाज मला फार भीतीदायक वाटायचा. मध्येच थांबला की मी अभ्यासातून मान वर करून वाट बघायचे. कशाची, ते माहीत नव्हतं.

मथियास अंकलचं त्या सिनेमातलं काम तिथेच संपलं. म्हातारा परदेशी एका वाक्यात मायदेशी गेला. नंतर जाहिरातवाल्यांचे फोनही त्यांना येईनासे झाले. हा सेट बिघडवतो, असं नाव झालं. देश सोडण्याआधी ते एकदा दुपारी आमच्या घरी आले. खिडकीशी त्यांना कुणी नेलं नाही. बाबांनी त्यांना सोफ्यावर बसवलं. आईनं चहा आणि चकल्या आणून ठेवल्या आणि ती आत जायला वळली, तेव्हा ते म्हणाले, "बसा. तुमच्यावर मी रागावलेलो नाही." आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तेव्हा त्यांनी सांगितलं, माझ्याकडे बघत, पण तिच्यासाठी. फ्लोरीला रडता येत नव्हतं. त्याला सांगितलं गेलं की शूटिंगला येताना त्याच्या वडिलांची मोटार पुलावरून खाली गेली. फ्लोरीनं आईकडे पाहिलं आणि आईनं होय म्हणून मान हलवली. फ्लोरी रडला. देश रडला.

"मग खरं कधी सांगितलं?" मी विचारलं.

"केक खाताना. माझा आवडता होता, चेरीचा." त्यांनी चकली तोडली, पण खाल्ली नाही. "माझी आई खूप जगली. दर रविवारी मी तिच्याकडे जायचो. चांगली बाई होती. तिचा एकही शब्द मला कधी खरा वाटला नाही. ती मरताना म्हणाली, मला भीती वाटतेय. आणि मी तिच्याकडे बघत बसलो, हे खरं आहे का, असा विचार करत."

बाबांनी पंख्याकडे पाहिलं. आई आत गेली. अंकल निघाले तेव्हा त्यांनी माझ्याशी पहिल्या दिवसासारखंच वाकून हस्तांदोलन केलं. ते पुढे कुठे गेले, जगले की नाही, मला कळलं नाही. मी शोधलं तेव्हा फ्लोरीचे फोटो सापडले, ढिगांनी. त्यांचा मोठेपणीचा एकही नाही.

सिनेमा लागला. अंकल मध्ये यायच्या आधीचा तुकडा विकी सरांनी ठेवला होता. सगळ्या कलाकारांसाठी दुबईत सकाळचा खेळ होता, आम्ही तिघं गेलो. मला जायचं होतं, हेही लिहिते. तो प्रसंग जवळ आला तसे बाबा उठले आणि बाहेर गेले. पडद्यावर एक मुलगी वाळूत बसली. तोंड उघडलं, आवाज आला नाही, मग आला. मी बघत राहिले. ते चांगलं झालं होतं. मी पुन्हा कधी कॅमेऱ्यापुढे उभी राहिले नाही, पण जे काही मी केलं त्यात ते सगळ्यात चांगलं होतं, आणि ते मी केलंच नव्हतं. आजूबाजूला लोक नाकं ओढत होते. अंधारात आईचा हात आला आणि त्यानं माझा हात घट्ट धरला. मी वळून पाहिलं. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा भिजलेला होता, हनुवटी थरथरत होती.

"रेवू," ती कुजबुजली, "मला माफ कर गं."

मी हात सोडवून घेतला नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, डोळ्यांकडे, मग ओठांकडे, मग परत डोळ्यांकडे, दिवे लागेपर्यंत.

आई आता माझ्याजवळच असते. थकली आहे, कानांनी कमी ऐकते. आम्ही पुष्कळ बोलतो, औषधांविषयी, भाजीविषयी, बाबांविषयी. त्या सकाळी थिएटरात ती खरी रडत होती का, हे मात्र मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ती हो म्हणेल. आणि ते ऐकून मला काहीच कळणार नाही.